एकाच कोपऱ्यातले तीन टायर गेले आणि पहिल्या दोन वेळा शिव्या टायरलाच घातल्या

आधी दुखणं काय ते सांगतो. दोन ॲक्सलचा, चार चाकांचा ट्रेलर आहे आणि दर वेळी उजवीकडचं मागचंच चाक जातंय. बाकीचे तीन टायर ठणठणीत. नवीन टायर टाकला की काही शे किमी बरं चालतं, मग परत तोच कोपरा. असं होत असेल तर टायर बदलणं थांबवा आणि खाली वाकून बघा. आम्हाला हे कळायला दोन टायर फुटावे लागले, तिसरा फुटायच्या बेतात सापडला, आणि तोही मला नाही, सासऱ्यांना.

गेल्या जूनमध्ये कॅलगरीहून निघालो, डॉसन क्रीकवरून अलास्का हायवे धरून फेअरबँक्स आणि परत. पिकअपमागे २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, आणि गाडीत आम्ही दोघं, दोन मुलं आणि साताऱ्याहून आलेले सासरे. बाबा एसटीच्या डेपोच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सगळी नोकरी बसच्या खाली आडवं पडून केली, त्यामुळे ट्रेलरच्या टायरवर एसटी अशी अक्षरं बघितल्यावर त्यांना इतका आनंद झाला की त्याचा अर्थ स्पेशल ट्रेलर आहे, महामंडळाशी काही संबंध नाही, हे सांगायला मला जिवावर आलं. नंतर सांगितलं. म्हणाले, मग नियम तरी आमचेच लावा.

पहिला टायर पिंक माउंटनच्या अलीकडे फुटला. रस्ता चांगला, वेग ९५, ऊन. आरशात काळ्या चिंध्या उडताना दिसल्या. फेंडरची कड उचकटली आणि गॅसच्या पाइपाला धरणारी क्लिप गेली, पाइप वाचला हे नशीब. टायरवरचा तारखेचा कोड बघितला (डॉट लिहिलेलं असतं त्या ओळीतले शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा) आणि म्हटलं जुना झाला होता, गेला. स्टेपनी लावली आणि निघालो.

दुसरा म्हणजे ती स्टेपनीच. लिआर्डच्या गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबून निघालो होतो, वॉटसन लेक अजून शंभरेक किमी होतं, आणि तीच बाजू, तोच कोपरा. आता दुसरी स्टेपनी नाही. ट्रेलर रस्त्याच्या कडेला सोडला, बायको आणि बाबा मुलांना घेऊन आत बसले, बाहेर डास इतके की बोलायला तोंड उघडलं तरी आत जातील, आणि मी रिकामा पिकअप घेऊन टायर आणायला गेलो. दुकानातल्या माणसाने फाटलेला टायर न बघताच सांगितलं की स्टेपनी उन्हात लटकून कडक होते, त्यातलंच असणार. पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. दोन नवे टायर घेतले, एक लावायला, एक स्टेपनीला, आणि प्रकरण मिटलं असं धरून चाललो.

इथे रस्त्याबद्दल थोडं सांगतो, कारण अर्धा खेळ त्याचा आहे. हा रस्ता अमेरिकन लष्कराने १९४२ साली आठेक महिन्यांत काढला. आता सगळा पक्का आहे, खडीचे तुकडे दुरुस्तीच्या कामापुरतेच लागतात. पण युकॉनमध्ये (कॅनडाचा अलास्काला लागून असलेला भाग) बराच भाग आपल्यासारखा जाड डांबराचा नाही, डांबर फवारून वर खडी दाबलेली असते. हेन्स जंक्शनच्या पुढे, म्हणजे डिस्ट्रक्शन बे, बरवॉश लँडिंग ते बीव्हर क्रीक आणि बॉर्डर, इथे जमिनीखाली वर्षानुवर्षं न वितळलेला बर्फ आहे. वर काळा रस्ता केला की तो ऊन पितो, हिवाळ्यात बाजूला लोटलेला बर्फ कडेच्या जमिनीवर गोधडीसारखा बसतो आणि तिला नीट गोठू देत नाही, मग खालचा बर्फ हळूहळू वितळतो आणि रस्ता तिथे बसतो. वरून बघितलं तर रस्ता सरळच दिसतो, आणि गाडी गेली की समुद्रातल्या होडीसारखी वरखाली. लोक सगळ्यालाच फ्रॉस्ट हीव्ह म्हणतात.

खड्डा आणि ही लाट यात फरक आहे. खड्ड्यात एक चाक आपटतं. लाटेत आधी पिकअपचं नाक वर, मग ट्रेलरचं, मग ट्रेलरचं शेपूट हवेत जाऊन खाली आपटतं, आणि दोन्ही ॲक्सल आळीपाळीने सगळा भार घेतात. मागच्या टोकाला जितकं जास्त वजन तितकी आपट मोठी.

तर तिसरा. आम्ही क्लुएन लेकच्या काठाला चहाला थांबलो होतो, वॉटसन लेकपासून जेमतेम सातशे किमी. त्या लाटा अजून सुरूपण झाल्या नव्हत्या. बाबा पाय मोकळे करायला उतरले आणि ट्रेलरला चक्कर मारताना त्या नव्या टायरवर तळहात फिरवला, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. मला म्हणाले, जावईबापू, हात लावा. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने किसणीवर हात फिरवल्यासारखं. मग पालथं पडून टॉर्चने आतली बाजू बघितली तर आतल्या कडेच्या खाचा निम्म्या गेलेल्या आणि बाहेरच्या नव्याकोऱ्या. सातशे किमीत. बाबा म्हणाले, आमच्याकडे एकाच जागचा टायर दुसऱ्यांदा गेला की टायरवाल्याला नाही, पाटेवाल्याला हाक मारायचे. (पाटे म्हणजे ॲक्सलला धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या.)

आता या दोन निशाण्या वेगळ्या आहेत, ते नीट लक्षात घ्या. किसणीसारखी धार लागत असेल तर चाक सरळ चालत नाहीये, थोडं तिरकं होऊन रस्त्यावर घासतंय, म्हणजे ॲक्सल ट्रेलरला काटकोनात नाही. फक्त आतली कड जात असेल तर बहुतेक वेळा ॲक्सलवर त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वजन आहे, कारण ट्रेलरचा ॲक्सल नवा असताना मधे किंचित वर कमान असलेला असतो, जास्त वजनाने ती कमान सपाट होते आणि चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. (दोन्ही कडा जात असतील आणि मधला भाग शिल्लक असेल तर हवा कमी आहे, बस.) आमच्याकडे पहिलं पण होतं आणि दुसरं पण. म्हणूनच एवढ्या लवकर जात होते.

मोजायला फक्त टेप लागतो आणि दुसरं टोक धरायला एक माणूस. सपाट जागी ट्रेलर सरळ ओढून थांबवायचा, वळून थांबलेला असेल तर माप चुकतं. कपलरच्या (ट्रेलरच्या नाकाचा जो भाग पिकअपच्या बॉलवर बसतो त्याच्या) मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत एक माप, उजव्या टोकापर्यंत दुसरं. मग डावीकडे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, तेच उजवीकडे. डाव्या-उजव्यात ३ मिमीच्या वर फरक असेल तर शोध सुरू करा. आमची कपलरची मापं जवळपास सारखी आली, पण दोन चाकांमधलं अंतर उजवीकडे डावीकडच्यापेक्षा १४ मिमी जास्त. म्हणजे मागचा ॲक्सल उजव्या बाजूने मागे सरकलेला. बाबांनी टेप माझ्या हातातून घेऊन स्वतः परत मोजलं, मग तोही आकडा तोच आला तेव्हा समाधान झालं.

का सरकला ते जॅक लावल्यावर दिसलं. जॅक ॲक्सलच्या नळीखाली अजिबात लावू नका, नळी वाकते आणि मग वरचं सगळं दुखणं कायमचं होतं, चासीच्या बीमखाली लावा. चाक अधांतरी आलं की पाट्यांच्या टोकाचे बोल्ट आणि दोन पाट्यांच्या मधला तो झुलता त्रिकोणी तुकडा, इक्वलायझर, पहारीने हलवून बघा. आमचा उजवीकडचा अक्षरशः लटलटत होता. ट्रेलर बनवणारे सर्रास या ठिकाणी प्लास्टिकचे, नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) घालतात, ग्रीस भरायची सोय नसते, आणि बुश झिजून संपले की लोखंडाचा बोल्ट लोखंडाला खातो. शॅकलच्या (पाट्याचं टोक इक्वलायझरला जोडणाऱ्या) पट्ट्यांची गोल भोकं अंड्यासारखी लांबट झाली होती, एका बोल्टची मधली कंबर निम्मी राहिलेली, आणि बुशच्या नावाने पांढऱ्या प्लास्टिकची नखाएवढी कपची निघाली, बस तेवढीच. वर चासीवर इक्वलायझर आपटून चकाकलेली खूण होती. ही खूण जॅक न लावतापण दिसते, त्यामुळे निघण्याआधी टॉर्च मारून बघायला काहीच लागत नाही. मागच्या पाट्यांपैकी एकाला सेंटर बोल्टजवळ केसाएवढी चीरपण होती, ती बाबांना दिसली, मला दाखवूनसुद्धा आधी दिसेना.

इथे बाबांचं एक मत मी मानलं नाही. ते म्हणाले रस्ता खराब आहे, हवा दहा पॉइंट कमी करा, धक्का कमी बसेल. पिकअपच्या टायरला खडीवर लोक करतात तसं, पण ट्रेलरचा टायर वजनाच्या अगदी काठावर असतो. आमचे टायर २०५/७५ आर १४, लोड रेंज सी. त्यावर १,७६० पाउंड वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती ५० पीएसआय हवेला. हवा कमी केली की तेवढं वजन तो उचलू शकत नाही, बाजू जास्त दुमडते, गरम होते आणि गरम होऊनच हे टायर फुटतात. त्यामुळे सकाळी थंड असताना बाजूवर लिहिलेली पूर्ण हवा, आणि दुपारी गरम झाल्यावर आकडा वाढलेला दिसला तरी हवा सोडायची नाही. दहा अंश फॅरनहाइटला साधारण दोन टक्के वाढतेच. यावर आमचा वाद क्लुएन लेक ते व्हाइटहॉर्स चालू होता.

हो, मागे फिरलो. पुढे लाटांचा सगळ्यात वाईट तुकडा आणि पाट्याला चीर, हे जमणार नव्हतं. पाण्याची टाकी रिकामी केली, मागचं सगळं सामान पिकअपमध्ये घातलं, नवी स्टेपनी त्या कोपऱ्यात लावली आणि ६० च्या वेगाने दोनशेच्या वर किमी परत. दर अर्ध्या तासाला थांबून हबला, म्हणजे चाकाच्या मध्याला, हात. (हाताच्या ऐवजी पिस्तुलासारखं दिसणारं तापमान मोजायचं यंत्र घ्या, स्वस्त असतं. आकडा किती यापेक्षा चारही चाकांत एकच वेगळं आहे का हे बघायचं, उन्हाकडची बाजू थोडी जास्त दाखवते.)

व्हाइटहॉर्समध्ये पार्ट यायला दोन दिवस लागले, तेवढ्यात वजन केलं. मुद्दाम टाकी परत भरली, सामान जसं होतं तसं लावलं आणि ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. पुढच्या ॲक्सलवर ३,०८० पाउंड, मागच्यावर ३,७६०. एकेका ॲक्सलची मर्यादा ३,५००. मग उजवी चाकंच काट्यावर ठेवून परत केलं तर त्या मागच्या उजव्या चाकावर एकट्यावर १,९८०, आणि टायर १,७६० चा. चारही टायरची बेरीज ७,०४० होते, ट्रेलरचं चाकांवरचं वजन ६,८४०, म्हणजे कागदावर बसतंय, पण कागदावर वजन चार ठिकाणी सारखं वाटलेलं असतं. ट्रेलर घेताना हा हिशोब कोणी सांगत नाही आणि आपणपण विचारत नाही.

वजन मागे का गेलं याची कारणं सगळी आमचीच होती. मागच्या बंकखाली वीस किलो तांदूळ, दहा किलो कणीक, दोन कुकर. मागच्या बंपरला चार सायकली. पाण्याची टाकी मागच्या चाकांच्या मागे उजवीकडे, आणि युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडवर नळाचं कनेक्शन नसतं म्हणून मी ती काठोकाठ भरून निघायचो, १५० लिटर म्हणजे सरळ १५० किलो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पिकअप नवीन घेतला तेव्हा हिच (पिकअपमागचा ट्रेलर जोडायचा भाग, त्याच्यावर बॉल असतो) जुनाच ठेवला, नवा पिकअप उंच, त्यामुळे बॉल उंच, त्यामुळे ट्रेलरचं नाक ५ सेमी वर. नाक वर म्हणजे भार मागच्या ॲक्सलवर. हे डोळ्यांना दिसत होतं, फोटोत पण दिसतंय, मला वाटायचं जरा ऐटीत उभा आहे.

दुरुस्ती काय केली ते सांगतो. चारही बाजूंचे बुश काढून पितळेचे टाकले, बोल्ट ग्रीस भरता येणारे, शॅकलच्या पट्ट्या जाड, मागचे दोन्ही पाटे नवे. पाटे जोडीनेच बदला, एक नवा एक जुना केला तर उंची वेगळी येते. या बोल्टच्या डोक्याखाली दाते असतात, ते हातोडीने ठोकून बसवायचे आणि फक्त नट फिरवायचा, बोल्टचं डोकं पान्याने फिरवलं तर दाते भोक कोरतात आणि परत तीच गत. ग्रीस ज्या छिद्रातून बाहेर येतं ते वर किंवा खाली नाही, आडवं, घड्याळातल्या ३ किंवा ९ च्या जागी आलं पाहिजे, कारण वर-खाली भार असतो आणि तिथे ते दाबून बंद होतं. ग्रीस भरतानापण चाकावरचं वजन जॅकने उचलून भरा. हे दुकानातल्या पोराला बाबांनी खुणांनी समजावलं, त्याला ते आधीच माहीत होतं, पण त्याने ऐकून घेतलं. यू बोल्ट (ॲक्सल आणि पाटे एकत्र धरणारे) आणि चाकाचे नट काम झाल्यावर पहिल्या १५, ४० आणि ८० किमीला थांबून टॉर्क पान्याने परत आवळले, एक यू बोल्ट खरंच पाऊण फेरा ढिला झाला होता.

हिचचा बॉल खाली घेतला, ट्रेलर सपाट. सायकली पिकअपमध्ये. टाकी पाव. तांदूळ पुढच्या पलंगाखाली. परत वजन केलं, पुढे ३,२२०, मागे ३,१७०, आणि हिचवर ८४०, आधी ६९० होतं. हिचवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावं, आमचं आधी नऊ होतं, म्हणजे ट्रक बाजूने गेला की जे शेपूट हलायचं त्याचंपण उत्तर तेच. टायर आता लोड रेंज डी टाकलेत, त्याच मापाचे, २,०४० पाउंड, ६५ पीएसआय. पण टाकण्याआधी रिमच्या मागे कोरलेला आकडा बघा, रिमला तेवढी हवा चालते का, सगळ्यांना चालत नाही.

मग बीव्हर क्रीककडचा तो तुकडा ५० ते ६० ने काढला. कडेला पिटुकले लाल-नारिंगी झेंडे असतात लाटांच्या जागी, पण सगळीकडे नसतात, त्यामुळे दोन खुणा धरून चालवायचं. एक, रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ लांबून बघत राहायची, ती नागमोडी दिसली की तिथे रस्ता बसलाय. दोन, डांबरावर ओरखडे दिसले की आधीच्या कुणाचा तरी हिच तिथे घासलाय, ब्रेक आताच. ब्रेक लाटेच्या आधी मारून लाटेवर सोडायचा, लाटेत दाबून धरला तर नाक अजून खाली जातं.

बाकी किरकोळ सांगायचं तर कपाटांना मुलांसाठी लावतात ती कुलुपं लावा, आमची मेतकुटाची बरणी पहिल्याच लाटेला उघडली आणि अलास्कात पोचेपर्यंत सगळ्या उशांना तो वास होता. सिंकखालच्या पाइपांचे प्लास्टिकचे नट रोज हाताने आवळायचे. दुरुस्तीच्या तुकड्यांवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड मारलेलं असतं, पावसात त्याचा चिखल होऊन ट्रेलरच्या दिव्यांच्या सात पिनांच्या प्लगमध्ये जातो आणि मग ब्रेकचे दिवे लागेनासे होतात, तो प्लग रोज पुसा आणि शहर आलं की खालून पाणी मारून धुवा. काचेला खडी लागणारच, त्याला इलाज नाही.

त्यानंतर फेअरबँक्स आणि तिथून परत कॅलगरी, एकही टायर गेला नाही, चारही टायर हाताला दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागतात. एकच गोष्ट राहिलीय, पुढच्या डाव्या चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा आठ-दहा अंश गरम येतो, सावलीतसुद्धा. बेअरिंग मी उघडून बघितलं, ते चांगलं आहे, ब्रेकचे शू घासत असणार असा अंदाज आहे. बाबा साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर आहेत, रविवारी ड्रम काढणार आहोत.